२६ लाख सापडले, ७ लाख परतले

लखनौच्या हिंदी वर्तमानपत्रांत एक छायाचित्र वरचेवर छापून येतं. लांबलचक टेबल, त्यावर ओळीने मांडलेले फोन, टेबलामागे पोलीस अधिकारी आणि सर्व्हेलन्स सेलचे शिपाई, आणि बाजूला आपला फोन हातात धरून हसणारे दोन-चार नागरिक. खाली मजकूर ठरलेला असतो: इतके फोन शोधले, त्यांची किंमत इतके लाख, मालकांचे चेहरे खुलले. आपल्याकडेही हे दृश्य नवं नाही. २ जानेवारी हा महाराष्ट्र पोलिसांचा स्थापना दिन. त्या आठवड्यात जिल्ह्याजिल्ह्यांत मुद्देमाल परत करण्याचे कार्यक्रम होतात. पूर्वी त्यात मंगळसूत्रं आणि मोटरसायकली असायच्या, आता टेबलाची अर्धी जागा फोन अडवतात.

या छायाचित्राबद्दल मला तक्रार नाही. हरवलेली वस्तू मिळालेल्या माणसाचा चेहरा पाहायला कुणाला आवडत नाही? पण त्या टेबलावर जे फोन नसतात, त्यांचा हिशेब कुणी छापत नाही. हा हिशेब केंद्र सरकारच्याच आकड्यांत आहे. २०२५ च्या अखेरीस दूरसंचार विभागाने दिलेल्या माहितीनुसार हरवलेल्या वा चोरीला गेलेल्या २६ लाखांहून अधिक फोनांचा माग यंत्रणेला लागला होता. त्यांपैकी मालकाच्या हाती परत गेले ७ लाखांच्या थोडे वर. म्हणजे चारांतले साधारण तीन फोन असे, की ते नव्या सिमवर चालू झाले हे यंत्राला कळलं, पोलिसांना कळवलं गेलं, मालकाच्या मोबाइलवर तसा संदेशही गेला, आणि फोन काही घरी आला नाही.

शोधण्याचं काम आता यंत्र करतं. परत करण्याचं काम अजून माणसांवर आहे आणि तिथेच गाडी अडते. लखनौ हे पाहायला चांगलं शहर आहे, कारण फोन परत येण्याच्या वाटेतले सगळे खाचखळगे तिथे एका ठिकाणी सापडतात.

मराठी वाचकाला लखनौ परकं वाटायचं कारण नाही. विष्णू नारायण भातखंडे यांच्या पुढाकाराने १९२६ साली तिथे सुरू झालेलं संगीत महाविद्यालय आज विद्यापीठ झालं आहे आणि त्यांचंच नाव मिरवतं. विटा, खानापूर, आटपाडीकडचे गलाई व्यावसायिक, म्हणजे सोनं-चांदी गाळून शुद्ध करून देणारे कारागीर, उत्तरेतल्या अनेक शहरांत पसरले, तसे लखनौच्या चौक भागातल्या सराफ्यातही गेले. आणि या दोन मुलखांना जोडणारी पुष्पक एक्सप्रेस आहेच. कानपूर, झाशी, भोपाळ, खांडवा, भुसावळ, कल्याण असा एक दिवसाचा प्रवास करून ती मुंबईला पोहोचते.

समजा, अशाच एका गलाईवाल्याचा मुलगा दिवाळीसाठी पुष्पकने गावाकडे निघाला आहे. खिडकीजवळच्या चार्जिंगला लावलेला फोन भोपाळच्या पुढे कधीतरी दिसेनासा झाला. पडला, राहिला की कुणी उचलला, त्याला ठाऊक नाही. आता त्याने कुठे जायचं?

रेल्वेत दोन पोलीस असतात. रेल्वे सुरक्षा दल केंद्राचं. लोहमार्ग पोलीस त्या त्या राज्याचे, म्हणजे पुष्पकच्या वाटेवर उत्तर प्रदेश, मध्य प्रदेश आणि महाराष्ट्र असे तीन. खुद्द लखनौमध्ये शेजारी शेजारी दोन स्थानकं आहेत: चारबागचं उत्तर रेल्वेचं आणि त्याला लागून असलेलं लखनौ जंक्शन, ते पूर्वोत्तर रेल्वेचं. लखनौचं नाव काढलं की आपल्याला एकमेकांना ‘पहले आप’ म्हणत गाडी चुकवणारे दोन नवाब आठवतात. हद्दीचा प्रश्न निघाला की देशातली सगळी खाती या बाबतीत लखनवी होतात. तक्रार आधी त्यांच्याकडे द्या, मग आमच्याकडे या.

कायद्याने यावर उतारा दिला आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ नुसार गुन्हा कुठल्याही हद्दीत घडलेला असो, कोणत्याही ठाण्यात त्याची खबर नोंदवून घ्यावी लागते. हीच ‘झिरो एफआयआर’. रेल्वेनेही एक दार उघडलं आहे. सुरक्षा दलाचं ‘ऑपरेशन अमानत’ प्रवाशांच्या विसरलेल्या वस्तू परत करतं. जानेवारी २०२४ ते फेब्रुवारी २०२५ या काळात १ लाख १५ हजारांहून अधिक प्रवाशांना ८४ कोटी रुपयांच्या वस्तू परत दिल्याचं रेल्वेने जाहीर केलं. त्यानंतर एप्रिल २०२५ मध्ये सुरक्षा दल दूरसंचार विभागाच्या यंत्रणेशी जोडलं गेलं. आता १३९ वर फोन करून किंवा रेल मदद अॅपवर तक्रार देता येते. एफआयआर करायची इच्छा नसेल, तरी सुरक्षा दल तो फोन केंद्रीय नोंदवहीत घालून बंद करवतं. पुढची पायरी मला जास्त शहाणपणाची वाटते. फोनात नवं सिम पडलं की ते वापरणाऱ्याला आधी सांगितलं जातं, जवळच्या सुरक्षा दलाच्या चौकीत फोन आणून द्या. ऐकलं नाही, तर गुन्हा नोंदवायचा आणि प्रकरण जिल्हा पोलिसांकडे द्यायचं. आधी विनंती, मग वर्दी, हा क्रम मुद्दाम लक्षात ठेवावा. त्याचं कारण पुढे येईलच.

आता ती केंद्रीय नोंदवही. तिचे पाळण्यातले दिवस महाराष्ट्रात गेले. १३ सप्टेंबर २०१९ रोजी तेव्हाचे दूरसंचार मंत्री रविशंकर प्रसाद यांनी मुंबईत ती महाराष्ट्रापुरती सुरू केली. त्याच वर्षअखेरीस दिल्लीत, आणि मे २०२३ मध्ये ‘संचार साथी’ या पोर्टलच्या रूपाने सगळ्या देशात. इंग्रजी आद्याक्षरांवरून तिला ‘सीईआयआर’ म्हणतात. सी-डॉट या सरकारी संस्थेने ती बांधली.

तिचं काम एका १५ अंकी क्रमांकावर चालतं. प्रत्येक फोनला असा आयएमईआय क्रमांक असतो, आणि दोन सिमच्या फोनला दोन. पहिले ८ अंक कंपनी आणि मॉडेल सांगतात, पुढचे ६ त्या मॉडेलमधला नेमका कुठला नग ते सांगतात, आणि शेवटचा एक अंक आधीचे १४ नीट लिहिले गेले आहेत ना, हे गणिताने तपासायला. सिम बदलता येतं, हा क्रमांक सहजी बदलत नाही. मालकाने ठाण्यात तक्रार द्यायची, त्याच नंबरचं दुसरं सिम घ्यायचं, पोर्टलवर आयएमईआय, तक्रारीची प्रत आणि ओळखपत्र चढवायचं. २४ तासांत तो फोन देशातल्या सगळ्या कंपन्यांच्या जाळ्यावर काळ्या यादीत जातो. कुणी त्यात आपलं सिम घातलं की त्या सिमचा नंबर, नाव आणि पत्ता तक्रार ज्या ठाण्यात असेल तिथे पोहोचतो.

यात एक फट आहे आणि ती मेरठमध्ये उघडी पडली होती. २०२० साली तिथल्या एका पोलीस अधिकाऱ्याचा फोन दुरुस्तीहून परत आल्यावरही नीट चालेना. सायबर सेलने तपास केला, तर त्याचाच आयएमईआय क्रमांक देशभरात १३ हजार ५०० हून अधिक फोनांवर निघाला. काळ्या यादीत टाकायचा तो नक्की कुठला? या प्रकरणानंतर नियम घट्ट झाले. १ जानेवारी २०२३ पासून देशात बनणाऱ्या प्रत्येक फोनचा क्रमांक पहिल्या विक्रीआधी सरकारी पोर्टलवर नोंदवणं सक्तीचं झालं, आणि २०२३ च्या दूरसंचार कायद्याने क्रमांकात फेरफार करणाऱ्याला ३ वर्षांपर्यंत कैद किंवा ५० लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही अशी शिक्षा ठेवली.

लखनौ शहरात १३ जानेवारी २०२० पासून पोलीस आयुक्तालय आहे. काम चालतं ते मात्र जुन्याच वाटांनी. फोन हरवला की माणूस ठाण्यात ‘तहरीर’, म्हणजे लेखी तक्रार, घेऊन जातो किंवा उत्तर प्रदेश पोलिसांच्या यूपीकॉप अॅपवर हरवल्याची नोंद करतो. आणि इथे तो प्रश्न येतो, जो लखनौइतकाच ठाणे शहरातही विचारला जातो: हरवला की चोरीला गेला?

ठाण्यातल्या अंमलदाराला ‘हरवला’ हे उत्तर आवडतं. हरवला म्हटलं की फक्त नोंद होते. चोरीला गेला म्हटलं की गुन्हा दाखल होतो, तपास अधिकारी नेमावा लागतो, आणि गुन्ह्यांच्या मासिक तक्त्यात एकाची भर पडते. म्हणून गर्दीत खिशातून गेलेला फोनही कागदावर पुष्कळदा ‘कुठेतरी पडला’ म्हणून जातो. नागरिक याला पोलिसांची टाळाटाळ म्हणतो, आणि ती असतेही. विमा असेल तर ही टाळाटाळ महागात पडते, कारण चोरीचा दावा मंजूर व्हायला विमा कंपनी एफआयआर मागते.

पण याची एक उलटी बाजू आहे आणि ती कुणी सांगत नाही. ‘हरवला’ म्हणून नोंदलेला फोन सापडला, तर पोलीस सही घेऊन तो मालकाला तिथल्या तिथे देऊ शकतात. ‘चोरीला गेला’ म्हणून नोंदलेला सापडला, तर तो पुरावा ठरतो. त्याचा पंचनामा होतो, तो सीलबंद होऊन मालखान्यात जातो, आणि मालकाला कोर्टात अर्ज करून, बंधपत्र देऊन तो ‘सुपुर्दगी’वर सोडवून घ्यावा लागतो. सर्वोच्च न्यायालयाने २००२ साली सुंदरभाई अंबालाल देसाई खटल्यात बजावलं होतं की अशा वस्तू ठाण्यात कुजत ठेवू नका, छायाचित्र आणि पंचनामा करून लवकर परत द्या. बावीस वर्षांनी हे नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४९७ मध्ये उतरलं: कोर्टाने १४ दिवसांत वस्तूचं वर्णन तयार करायचं, तिचे फोटो वा चित्रण घ्यायचं आणि त्यानंतर ३० दिवसांत तिची विल्हेवाट ठरवायची. मुदती कागदावर उत्तम आहेत. पण फोनचं आयुष्यच तीन-चार वर्षांचं असतं. मालखान्यात दोन पावसाळे काढलेला फोन परत मिळाला काय आणि न मिळाला काय. म्हणून टेबलावरच्या त्या छायाचित्रांत ‘गुमशुदा’ फोनांची गर्दी दिसते ती उगाच नाही.

आता पलीकडच्या माणसाकडे जाऊ. ज्याच्या हाती तो फोन आहे, तो बहुतेक वेळा चोर नसतोच.

लालबागचं नाझा मार्केट हे लखनौतलं मोबाइल आणि संगणकांचं जुनं ठाणं. जुन्या शहरात नक्खासला जुन्या वस्तूंचा बाजार भरतो. अशा ठिकाणांहून वापरलेले फोन आसपासच्या जिल्ह्यांत जातात: सीतापूर, बाराबंकी, हरदोई, बहराइच. बहुतेक व्यवहार सचोटीचे असतात, पण बिल नसतं. कुणी शेतमजूर, कुणी कोचिंगचा विद्यार्थी चार-पाच हजारांत फोन घेतो. काही दिवसांनी त्याला अनोळखी आवाज सांगतो की तुझ्याकडचा फोन दुसऱ्याचा आहे, तो लखनौला आणून दे किंवा कुरिअर कर. त्याची पहिली प्रतिक्रिया काय असेल? तो सिम काढतो, फोन बंद करतो आणि गोधडीखाली दडवतो. यंत्राच्या हिशेबात हा फोन ‘माग लागला’ असा राहतो. २६ आणि ७ मधलं अंतर मोठ्या प्रमाणावर या भीतीचं आहे असं माझं मत आहे.

भीतीला कारणही आहे. चोरीचा माल आहे हे ठाऊक असताना किंवा तसं मानायला पुरेसं कारण असताना तो घेणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१७ खाली गुन्हा आहे. अजाणता घेतला तर गुन्हा नाही, पण फोनवरही हक्क नाही. १९३० च्या मालविक्री कायद्याचं तत्त्व सरळ आहे: विकणाऱ्याकडे जी मालकी नव्हती, ती घेणाऱ्याकडे येत नाही. त्याने दिलेले पैसे दुकानदाराकडून वसूल करायचे, तेही बिल नसताना. म्हणजे साखळीतला सर्वांत गरीब माणूस नुकसान सोसतो आणि वर पोलिसांचा दमही खातो. रेल्वेने ठेवलेला ‘आधी विनंती’ हा क्रम म्हणूनच शहाणपणाचा. फोन आणून दे, तुझ्यावर काही येणार नाही, हे त्याला त्याच्या भाषेत नीट सांगणारा शिपाई दहा सर्व्हरांपेक्षा जास्त फोन परत आणतो.

फोन सापडणं आणि परत येणं यांतलं हे अंतर मुंबईलाही मोजावं लागतं. लोकलच्या दारात उभ्या असलेल्याच्या हातावर काठी मारून फोन पाडणारे, ज्यांना मुंबईकर ‘फटका गँग’ म्हणतात, किंवा गणपतीच्या गर्दीत खिसा हलका करणारे, यांच्याकडचा माल शहरात राहत नाही. मुंबई पोलिसांच्या पथकांनी उत्तर प्रदेशात जाऊन फोन गोळा करून आणल्याच्या बातम्या अलीकडे नेहमीच्या झाल्या आहेत. दूरसंचार विभागाने ऑक्टोबर २०२५ चा हिशेब दिला, तेव्हा त्या एका महिन्यात देशभरात ५० हजारांहून अधिक फोन परत मिळाले होते. तोवर तेलंगण आणि कर्नाटक यांनी प्रत्येकी १ लाखाचा टप्पा ओलांडला होता, त्यामागोमाग महाराष्ट्राचे ८० हजारांहून अधिक. लोकसंख्येने देशात पहिला असलेला उत्तर प्रदेश या पहिल्या तीन नावांत नव्हता.

आता तिसरा माणूस, ज्याच्यावर मला सर्वांत जास्त लिहायचं आहे. ज्याला फोन सापडतो तो. रिक्षाच्या सीटवर, मेट्रोच्या डब्यात, हजरतगंजच्या फुटपाथवर.

आपल्या कायद्याने या माणसाचा विचार फार पूर्वी केला आहे. १८६० च्या दंड संहितेतलं कलम ४०३, जे आता न्याय संहितेत कलम ३१४ झालं आहे, सापडलेल्या वस्तूबद्दल बोलतं. रस्त्यावर एक रुपया सापडला, कुणाचा ते ठाऊक नाही, उचलला, तर गुन्हा नाही, असं साधं उदाहरण तिथे दिलं आहे. मालक कोण हे कळण्याचा मार्ग असताना तो न शोधता वस्तू आपलीशी केली, तर मात्र गुन्हा. नव्या संहितेने तर किमान सहा महिने कैद ठेवली आहे, जास्तीत जास्त दोन वर्षं, आणि दंड. रुपयावर नाव नसतं. फोन स्वतःच वाजतो आणि ‘आई’ असं नाव पडद्यावर दाखवतो. ‘कुणाचा ते कळलं नाही’ ही सबब फोनच्या बाबतीत जितकी लंगडी आहे, तितकी दुसऱ्या कुठल्याही वस्तूच्या बाबतीत नसेल.

१८७२ चा करार कायदाही आहे. त्याप्रमाणे सापडलेली वस्तू उचलणाऱ्यावर ती सांभाळायची जबाबदारी येते. त्याने सोसलेल्या त्रासाची भरपाई तो मालकावर दावा लावून मागू शकत नाही. मालकाने बक्षीस जाहीर केलं असेल तरच ते मागता येतं. जपानने इथे वेगळी वाट धरली. तिथल्या हरवलेल्या वस्तूंच्या कायद्यानुसार वस्तू जमा करणाऱ्याला किमतीच्या ५ ते २० टक्के मोबदला मिळायचा हक्क आहे, आणि तीन महिने मालक आला नाही तर वस्तूच त्याची होऊ शकते, ज्यात वैयक्तिक माहिती भरलेली असते असे फोन सोडून. तिथे नाक्यानाक्यावर पोलिसांची छोटी चौकी असते आणि शाळकरी मूलही सापडलेलं नाणं तिथे नेऊन देतं. आपल्याकडे मनुस्मृतीतही हरवलेल्या मालासाठी राजाने तीन वर्षं थांबायचं, दावा करणाऱ्याकडून वस्तूचं रूप आणि संख्या वदवून घ्यायची आणि खोटा दावा करणाऱ्याला दंड करायचा अशी तरतूद होती. ओळख पटवायची ती रीत आज १५ अंकांत आली आहे. वस्तू नेऊन द्यायची जागा मात्र हरवली.

माणसं मुळात परत करतात का? २०१९ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात एक मोठा प्रयोग प्रसिद्ध झाला. ४० देशांतल्या ३५५ शहरांत १७ हजारांहून अधिक पाकिटं बँका, हॉटेलं, ठाणी अशा ठिकाणी ‘रस्त्यात सापडलं’ म्हणून दिली गेली. भारतही त्यात होता. पैसे नसलेल्या पाकिटांच्या बाबतीत सुमारे ४० टक्के वेळा मालकाशी संपर्क झाला, पैसे असलेल्यांच्या बाबतीत ५१ टक्के वेळा. पैसे असतील तर लोक जास्त प्रामाणिक वागले. फोनचा प्रयोग याआधीच झाला होता. २०१२ मध्ये सिमँटेक या कंपनीने न्यूयॉर्क, वॉशिंग्टन, लॉस एंजलिस, सॅन फ्रान्सिस्को आणि ओटावा इथे ५० फोन मुद्दाम ‘हरवले’. मालकाचा नंबर आत सहज दिसेल असा ठेवला होता. ९६ टक्के फोन ज्यांना सापडले त्यांनी उघडून चाळले. मालकाशी संपर्क साधायचा प्रयत्न निम्म्यांनी केला. परत करणारा माणूससुद्धा आधी फोटो पाहून घेतो, हे त्यातून कळलं. पुढे फोनांना पक्की कुलपं आली.

त्या कुलपांनी चोराची अडचण केली तशी सज्जनाचीही. अॅपलने २०१३ मध्ये आणि गूगलने २०१५ च्या सुमारास असं कुलूप आणलं की फोन पुसून टाकला तरी मालकाच्या खात्याशिवाय तो नव्याने सुरू होत नाही. चांगलं झालं. पण पूर्वी सापडलेल्या फोनमधून शेवटचा नंबर फिरवून ‘तुमच्या माणसाचा फोन माझ्याकडे आहे’ असं सांगता यायचं, ते संपलं. आता फोन सापडलेला माणूस तो वाजण्याची वाट पाहण्याखेरीज काही करू शकत नाही.

आणि नेमका तो वाजत नाही. कारण मालकाला सगळे सांगतात, आधी सिम बंद कर. सल्ला चुकीचा नाही. चोर सिम दुसऱ्या फोनात घालून ओटीपी मागवतो आणि खातं रिकामं करतो. पैसे गेलेच तर १९३० या सायबर हेल्पलाइनला लगेच कळवावं लागतं. पण सिम बंद झालं की प्रामाणिक रिक्षावाल्याच्या हातातला फोन मुका होतो. लखनौचा ई-रिक्षावाला संध्याकाळी घरी जाऊन तो चार्जिंगला लावतो, दोन दिवस वाट पाहतो. मग? ठाण्यात नेऊन द्यावा तर ‘तुझ्याकडे आला कसा’ हा पहिला प्रश्न. तो ठाण्याची पायरी चढत नाही. त्याला आपण अप्रामाणिक म्हणायचं का?

यातून वाट आहे, ती क्रमाची आहे. सिम बंद करण्याआधी दुसऱ्या कुणाच्या फोनवरून गूगल किंवा अॅपलच्या शोधसेवेत जाऊन हरवलेला फोन कुलूपबंद करायचा आणि त्याच्या पडद्यावर घरच्या दुसऱ्या माणसाचा नंबर झळकवायचा. मग सिम बंद. मग त्याच नंबरचं नवं सिम, ज्यावर एसएमएस सुरू व्हायला २४ तास लागू शकतात. मग नोंदवही. आणि ‘तुमचा फोन सापडला, इथे पासवर्ड भरा’ असा संदेश आला तर तो चोराचाच समजायचा. कुलूप उघडायला त्याला तेवढंच हवं असतं.

टॅबलेटचं दुखणं आणखी वेगळं. २५ डिसेंबर २०२१ रोजी लखनौच्या इकाना स्टेडियममध्ये उत्तर प्रदेश सरकारने विद्यार्थ्यांना टॅबलेट आणि स्मार्टफोन वाटायला सुरुवात केली. उद्दिष्ट १ कोटींचं होतं. सरकारकडून मिळालेल्या वस्तूचं दुकानातलं बिल विद्यार्थ्याकडे नसतं, मग आपली म्हणून दाखवायची कशी? आणि फक्त वायफायवर चालणारा, सिमची जागाच नसलेला कुठलाही टॅबलेट घ्या, त्याला आयएमईआय नसतोच. म्हणजे केंद्रीय नोंदवहीच्या दृष्टीने तो अस्तित्वातच नाही. तो परत येईल तर कव्हरच्या आत लिहिलेल्या नावामुळे आणि फोन नंबरमुळे. इतकी साधी गोष्ट, पण करतो कोण?

‘संचार साथी’ नोव्हेंबर २०२५ च्या अखेरीस एकदम गाजलं. नव्या प्रत्येक फोनमध्ये हे अॅप आधीच घालून द्या, असा आदेश दूरसंचार विभागाने कंपन्यांना दिला. सरकार खाजगी आयुष्यात डोकावेल, म्हणून ओरड झाली आणि ३ डिसेंबरला सक्ती मागे घेतली गेली. ओरड योग्यच होती. त्या गदारोळात पोर्टलची खरी उणीव मात्र चर्चेत आलीच नाही. हरवलेल्या फोनसाठी तिथे तीन पर्याय आहेत: फोन बंद करा, परत मिळालेला फोन सुरू करा, तक्रारीची स्थिती पाहा. तिन्ही मालकासाठी. ज्याला फोन सापडला आहे त्याने काय करायचं, यासाठी एकही नाही.

खरं तर यंत्राला सगळं ठाऊक असतं. ‘केवायएम’ आणि पुढे आयएमईआय लिहून १४४२२ ला एसएमएस केला, तर तो फोन काळ्या यादीत आहे की नाही हे कुणालाही कळतं. म्हणजे ज्याला फोन सापडला त्याने हातातल्या फोनचा क्रमांक पाठवला त्या क्षणी त्याचा मालक कोण, त्याने तक्रार कुठल्या ठाण्यात दिली आहे, हे त्याच यंत्रणेत दुसऱ्या रकान्यात लिहिलेलं असतं. दोन रकान्यांत मेळ घालायचा, मालकाला कळवायचं आणि ज्याला फोन सापडला त्याला पोच द्यायची, की तू स्वतःहून कळवलं आहेस. ती पोच दाखवल्यावर ठाण्यात त्याला ‘आला कसा’ असं कुणी विचारणार नाही. सेकंडहँड फोन घेऊन अडकलेल्या बहराइचच्या पोरालाही तीच पोच उपयोगी पडेल. यासाठी नवा कायदा लागत नाही, फोनमध्ये सक्तीचं अॅप लागत नाही. पोर्टलवर चौथं बटण लागतं. दूरसंचार विभागाने ते द्यावं.